गोड पाण्याचा संशय

"आमच्या बोअरचं पाणी स्वच्छ आहे. वास नाही, गढूळपणा नाही, चवीला गोड आहे. मग तपासायचं कशाला?"

नांदेड जिल्ह्याच्या किनवट, माहूर, देगलूर, बिलोली पट्ट्यात भूजलाचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. तो बरोबरही आहे. गढूळ पाणी डोळ्यांना कळतं, सांडपाणी मिसळलेलं पाणी नाकाला कळतं, खारं पाणी जिभेला कळतं. फ्लोराइड आणि युरेनियम यांना मात्र रंग नाही, वास नाही आणि पाण्यात जेवढं असतं तेवढ्याने चवही बदलत नाही. शिवाय ते बहुतेक वेळा कुणी आणून टाकलेलं नसतं. विहिरीच्या तळाशी असलेल्या खडकानेच ते पाण्यात सोडलेलं असतं.

म्हणून सुरुवात खडकापासून करू.

१. पायाखाली कोणता खडक आहे?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. मराठवाड्यातल्या काळ्या पाषाणाखाली नेमकं काय आहे, हा प्रश्न त्यानंतर शास्त्रज्ञांना टाळता येईना. किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आलं. वरचे सुमारे ३३८ मीटर बेसाल्ट निघाला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तयार झालेला हाच आपला काळा पाषाण. त्याच्याखाली गाळाचा एक पातळ थर लागला आणि मग ग्रॅनाइटच्या कुळातला, अब्जावधी वर्षं जुना खडक.

३३८ मीटर म्हणजे अकराशे फुटांहून जास्त. लातूरकडचा शेतकरी सातशे-आठशे फूट बोअर घेतो, तेव्हाही तो बहुधा बेसाल्टमध्येच असतो. पूर्वेकडे नांदेड जिल्ह्यात जावं तसा बेसाल्टचा हा थर पातळ होत जातो. देगलूर-बिलोलीच्या बाजूला आणि किनवटच्या काही भागात तो संपतोच आणि खालचा ग्रॅनाइट उघडा पडतो. लातूरला हजार फुटांखाली दडलेला खडक तिथे शेताच्या बांधावर दिसतो. दोन शेजारी जिल्ह्यांतल्या पाण्याचे आजार वेगळे का, याचं निम्मं उत्तर इथे मिळतं. बेसाल्टमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. ग्रॅनाइटमध्ये अभ्रक, हॉर्नब्लेंड, अ‍ॅपटाइट, फ्लोराइट अशी फ्लोराइड बाळगणारी खनिजं असतात, आणि बेसाल्टच्या तुलनेत युरेनियमही जास्त असतं.

२. डाळ लवकर शिजते, म्हणजे पाणी चांगलं?

पाणी पारखण्याची घराघरातली कसोटी म्हणजे डाळ. क्षाराच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरे डाग बसतात. डाळ चटकन शिजली की पाणी उत्तम, असं आपण धरून चालतो.

फ्लोराइडच्या बाबतीत ही कसोटी उलटते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला धरून खाली बसवतं, कारण दोघांचं मिळून होणारं कॅल्शियम फ्लोराइड पाण्यात फारसं विरघळत नाही. म्हणजे जे कॅल्शियम डाळ शिजू देत नाही, तेच फ्लोराइडलाही फार वाढू देत नाही. ग्रॅनाइटच्या भेगांमध्ये पाणी दीर्घकाळ मुरलं की त्यातलं कॅल्शियम कमी होत जातं आणि सोडियम बायकार्बोनेट वाढतं. खाण्याच्या सोड्यात असतो तोच हा क्षार. असं पाणी मऊ लागतं, त्यात डाळ लवकर शिजते, साबणाला फेस येतो. पण कॅल्शियमचा पहारा उठलेला असल्यामुळे खडकातलं फ्लोराइड त्यात मोकळेपणी विरघळतं.

प्रत्येक गोड पाण्यात फ्लोराइड असतं, असा याचा अर्थ नाही. पण ग्रॅनाइटच्या पट्ट्यात खोल बोअरचं पाणी फार मऊ आणि गोड लागत असेल, तर ते तपासायला नेण्याचं तेच पहिलं कारण आहे.

खोलीचाही इथे संबंध आहे. आडाचं पाणी पावसाने दरवर्षी बदलतं. चारशे-पाचशे फुटांवरचं पाणी मात्र वर्षानुवर्षं खडकाला चिकटून राहिलेलं असतं. दुष्काळात आड आटले, हापसे कोरडे पडले आणि बोअर खोल गेले, तसं जुनं पाणी ग्लासात आलं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं हे सगळ्यांच्या लक्षात आहे. त्या टंचाईचा दुसरा परिणाम गावोगावी मुकाट्याने झाला. लोक अधिक खोलचं पाणी प्यायला लागले.

३. दीड मिलिग्रॅम म्हणजे नेमकं किती?

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरं पाणीच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे.

आता एक छोटा हिशेब. पाण्यात दीड मिलिग्रॅम फ्लोराइड आहे असं धरू. सावलीत बसून काम करणारा माणूस दिवसाला दोन लिटर पाणी पितो. त्याच्या पोटात ३ मिलिग्रॅम फ्लोराइड जातं. त्याच गावात मे महिन्यात शेतात राबणारी बाई सहा लिटर पाणी पिते. तिच्या पोटात ९ मिलिग्रॅम जातं, म्हणजे तिप्पट. कागदावरची मर्यादा दोघांना सारखी असली तरी जे उन्हात राबतात त्यांच्या हाडांना ती सारखी नसते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दीडची सवलत मला मुळीच निर्धास्त वाटत नाही. इथे एकचीच मर्यादा धरायला हवी.

जास्त फ्लोराइडची पहिली खूण मुलांच्या दातांवर दिसते. दात हिरडीच्या आत घडत असताना हे पाणी पोटात गेलं असेल तर वर येणाऱ्या दातांवर आधी खडूसारखे पांढरे आणि मग पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात. हा मळ नव्हे. तो घासून जात नाही. पुढे वर्षानुवर्षं तेच पाणी पीत राहिलं तर मान, कंबर, गुडघे आखडतात आणि वाकणं-बसणं अवघड होतं. लोक त्याला वयाचं दुखणं किंवा संधिवात समजतात आणि गोळ्या घेत राहतात. एकदा हाडांत बसलेला हा विकार औषधाने पूर्ण बरा होत नाही, म्हणून पाणी बदलणं हाच खरा उपाय उरतो.

पाणी उकळून प्यायलं तर? जंतू मरतात, पण फ्लोराइड जात नाही. वाफ होऊन पाणी आटतं आणि फ्लोराइड मागे राहतं, म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतंच.

४. युरेनियम इथे कुठून आलं?

नांदेड किंवा लातूरमध्ये युरेनियमची खाण नाही. पण भूजलात युरेनियम येण्यासाठी खाण लागतच नाही. केंद्रीय भूजल मंडळाने २०१९-२० मध्ये देशभरातल्या उथळ विहिरींचे नमुने तपासले. तेव्हा १८ राज्यांतल्या १५१ जिल्ह्यांत काही ठिकाणी ते मर्यादेपेक्षा जास्त आढळलं. ही मर्यादा लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग.

युरेनियमचं नाव ऐकलं की किरणोत्सर्ग आठवतो. पाण्यातल्या युरेनियमचा पहिला धोका मात्र त्याच्या विषारी धातू असण्याचा आहे, आणि तो मूत्रपिंडांना आहे.

खडकात घट्ट बसलेलं युरेनियम सहजी विरघळत नाही. त्याचा ऑक्सिजनशी संयोग झाला की ते सुटं होतं, आणि पाण्यात बायकार्बोनेट असेल तर त्याच्याशी जोडी जमवून विरघळलेलंच राहतं. कॅल्शियम इथे फ्लोराइडसारखी राखण करत नाही. उलट ते या जोडीत सामील होऊन युरेनियमला पाण्यात टिकवून धरतं. त्यामुळे "आमचं पाणी क्षाराचं आहे, म्हणजे फ्लोराइडची भीती कमी" हे तर्काला धरून असलं तरी युरेनियमबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

उसाला, कापसाला टाकलेल्या युरियातून जमिनीत मुरणारं नायट्रेटही यात हात देतं. नायट्रेट युरेनियमला ऑक्सिजन पुरवणाऱ्यासारखं काम करतं आणि त्याला खडकातून सोडवतं. भूजल जास्त उपसल्याने पातळी खाली गेली की पूर्वी बुडालेला खडक हवेच्या संपर्कात येतो, आणि तेव्हाही हेच घडतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये राजस्थान आणि गुजरातमधल्या विहिरींचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात खडकाच्या जोडीला उपसा आणि नायट्रेट ही कारणं पुढे आली होती. विष खडकाचं असलं तरी त्याचं कुलूप उघडण्यात माणसाचा हात असू शकतो.

५. खाणीशेजारच्या विहिरीवर पाळत

पाण्यातलं युरेनियम कसं मोजायचं, कसं अडवायचं, हे जग शिकलं ते खाणींवर. आपल्या हापशासाठीही ते ज्ञान उपयोगाचं आहे, म्हणून जरा सविस्तर पाहू.

झारखंडमधल्या जादुगुडाची आणि आंध्र प्रदेशातल्या कडप्पा भागातल्या तुम्मलपल्लेची खाण, या देशातल्या दोन महत्त्वाच्या युरेनियम खाणी. आपल्याकडचं खनिज फार हलक्या प्रतीचं आहे. एक टन खनिजात एक किलोसुद्धा युरेनियम नसतं. म्हणजे खडक दळून, रसायनात भिजवून युरेनियम काढून घेतल्यावर जवळजवळ सगळा टन चिखलाच्या रूपात मागे राहतो. हा खाणगाळ बांध घातलेल्या मोठ्या तळ्यात साठवतात. युरेनियम काढून घेतलं तरी खनिजाचा सुमारे ८५ टक्के किरणोत्सर्ग गाळातच राहतो, कारण रेडियमसारखी मूलद्रव्यं तिथेच असतात. रेडियम निम्मं व्हायलाच १६०० वर्षं लागतात. शिवाय दळताना वापरलेली रसायनंही असतातच. तळं पाझरलं तर हे सगळं भूजलाच्या वाटेला लागतं.

पाळतीची पहिली पायरी खाण सुरू होण्याआधीची. आसपासच्या विहिरींची सलग काही वर्षं, उन्हाळी-पावसाळी, नोंद ठेवावी लागते. खनिज तिथेच असल्याने पाण्यात मुळातच थोडं युरेनियम असू शकतं. किती होतं याची नोंद नसेल तर पुढे वाद मिटत नाही. तुम्मलपल्लेच्या गाळतळ्याभोवतीच्या शेतकऱ्यांनी विहिरी बिघडल्याची तक्रार केली, कंपनीने ती मान्य केली नाही. अशा भांडणात दोन्ही बाजूंना मान्य होईल असा पुरावा एकच असतो, तो म्हणजे खाणीच्या आधीच्या पाण्याचा आकडा.

दुसरी पायरी विहिरींच्या जागा. भूजल एका दिशेने वाहतं. तळ्याच्या वरच्या अंगाला काही निरीक्षण विहिरी लागतात, खालच्या अंगाला जास्त लागतात, आणि त्याही वेगवेगळ्या खोलीच्या. वरची विहीर चांगली आणि खालची बिघडलेली, असा फरक दिसला तर बोट तळ्याकडे जातं. दोन्हीकडे सारखंच वाढलं तर कारण खडकात शोधावं लागतं.

मग वेळेचा हिशेब. समजा, तळ्यापासून गाव ७३० मीटरवर आहे आणि तिथलं भूजल दिवसाला १० सेंटिमीटर सरकतं. वर्षाला साडेछत्तीस मीटर झाले. म्हणजे आज पाझरलेलं पाणी गावाच्या विहिरीत २० वर्षांनी येणार. युरेनियम तर पाण्याहूनही मागे पडतं, कारण वाटेतली माती, लोहाचे कण त्याला धरून ठेवतात. पाण्याच्या पाचपट हळू चाललं तर त्याला शंभर वर्षं लागतील. दहा वर्षं तपासलं, काही सापडलं नाही, म्हणून तळं सुरक्षित, असा निष्कर्ष या हिशेबात बसत नाही.

इतकी वर्षं थांबायचं नसेल तर पाहायचं ते युरेनियमच्या आधी पोचणाऱ्या क्षारांकडे. क्लोराइड, सल्फेट, सोडियम यांना माती फारशी अडवत नाही, ते पाण्याबरोबरच येतात. तुम्मलपल्लेचा खडक चुनखडीच्या जातीचा असल्याने तिथे आम्लाऐवजी सोड्यासारखी अल्कधर्मी रसायनं वापरतात. त्यामुळे खालच्या विहिरीत सोडियम आणि सल्फेट वाढू लागलं की तोच पाझराचा पहिला इशारा. विजेचं वहन मोजणारं साधं उपकरणही क्षारांची ही वाढ दाखवतं. ते स्वस्त आहे आणि शाळेतल्या मुलालाही वापरता येतं.

नमुना घेण्यातही शिस्त लागते. पंप सुरू केल्याबरोबर येणारं पाणी पाइपात साचलेलं असतं. ते सोडून दिल्यावरच बाटली भरायची. युरेनियमचा नमुना बारीक गाळणीतून गाळून त्यात थोडं नायट्रिक आम्ल टाकतात, नाही तर युरेनियम बाटलीच्या भिंतीला चिकटतं आणि आकडा खोटा कमी येतो. फ्लोराइडचा नमुना वेगळ्या बाटलीत, आम्ल न टाकता घ्यायचा. ही बाटली प्लॅस्टिकची हवी, कारण फ्लोराइडची काचेशी अभिक्रिया होऊ शकते.

६. विष काढलं, आता ठेवायचं कुठे?

पाणी शुद्ध करण्याबद्दल एक गैरसमज फार खोलवर रुजला आहे. यंत्रातून पाणी गेलं की विष नाहीसं झालं, असं आपल्याला वाटतं. फ्लोराइड किंवा युरेनियम नाहीसं करता येत नाही. ती जळत नाहीत, कुजत नाहीत. घर झाडल्यावर केर सुपलीत गोळा होतो आणि तो कुठे टाकायचा हे ठरवावंच लागतं, तसंच हे आहे.

जादुगुडाला सांडपाण्यात बेरियम क्लोराइड आणि चुना टाकतात. बेरियम आपल्याबरोबर रेडियमला घेऊन तळाशी बसतं. पाणी सुधारतं आणि तळाशी बसलेला गाळ पुन्हा तळ्यात सांभाळावा लागतो. युरेनियमसाठी राळेचे मणी वापरतात. ते आपल्याजवळचा निरुपद्रवी क्षार पाण्यात सोडतात आणि युरेनियम धरून ठेवतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुवायचे. धुतलेलं पाणी मग आधीपेक्षा कितीतरी पट जहाल असतं.

युरेनियम जमिनीतच अडवण्याचे प्रयत्नही झाले आहेत. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या रायफल गावाजवळ जुन्या कारखान्याच्या जागी संशोधकांनी जमिनीत अ‍ॅसिटेट सोडलं. ते खाऊन जिवाणू वाढले आणि त्यांनी विरघळलेल्या युरेनियमचं न विरघळणाऱ्या रूपात रूपांतर केलं. काही आठवड्यांत पाण्यातलं प्रमाण खूप उतरलं. पुढे दुसऱ्या जातीचे जिवाणू शिरजोर झाले आणि ते पुन्हा वाढलं. जर्मनीतल्या विस्मुट खाणी १९९० मध्ये बंद झाल्या, पण तिथलं पाणी शुद्ध करण्याचं काम त्यानंतरही दशकानुदशकं चालूच राहिलं.

फ्लोराइडसाठी आपल्याकडची ओळखीची पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केली. तेलंगणातल्या नलगोंडा जिल्ह्याच्या नावावरून तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. पाण्यात तुरटी आणि चुना ठरावीक प्रमाणात घालून ढवळायचं, फ्लोराइड गाळाबरोबर खाली बसतं, वरचं पाणी गाळून घ्यायचं. माठात तुरटी फिरवल्याने हे होत नाही. इथे तुरटी बरीच लागते आणि तिचं प्रमाण पाण्याच्या तपासणीवरून ठरतं.

आणि गावोगावचे आरओ, पाण्याचे एटीएम? आरओ फ्लोराइड आणि युरेनियम दोन्ही काढतो. पण आत गेलेल्या पाण्याचा मोठा वाटा तो बाहेर टाकतो आणि काढलेलं सगळं त्या टाकाऊ पाण्यात असतं. दोन हजार वस्तीच्या गावाला पिण्या-स्वयंपाकासाठी माणशी दहा लिटर, म्हणजे रोज वीस हजार लिटर पाणी लागतं असं धरू. फ्लोराइड ३ वरून १ वर आणायचं तर लिटरमागे २ मिलिग्रॅम काढावं लागेल. रोजचे ४० ग्रॅम, वर्षाचे साडेचौदा किलोंहून थोडे अधिक. हे फ्लोराइड आज बहुतेक ठिकाणी गटारात जातं, गटारातून ओढ्यात आणि जमिनीत मुरून त्याच भूजलात. यंत्राच्या उद्घाटनाला सगळे जमतात. टाकाऊ पाण्याचा पाइप कुठे सोडला आहे, हे त्या दिवशी कुणी तरी विचारायला हवं.

७. कोणती तपासणी, कोणता कागद

ग्रामपंचायतीला स्वच्छता सर्वेक्षणानंतर हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. हिरवं कार्ड चांगलंच, पण त्याचा संबंध मुख्यतः जंतूंच्या धोक्याशी, म्हणजे पाणीस्रोताभोवतीची घाण, गळती, ब्लीचिंग पावडर यांच्याशी आहे. फ्लोराइडबद्दल ते काही सांगत नाही. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या महिलांना दिलेल्या तपासणी संचात फ्लोराइड आणि नायट्रेट कळतं, युरेनियम कळत नाही. त्यासाठी योग्य उपकरण असलेल्या प्रयोगशाळेत नमुना द्यावा लागतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. आपल्या गावाजवळची निरीक्षण विहीर कोणती आणि तिच्या पाण्याचा अहवाल काय म्हणतो, हे ग्रामसभेत विचारता येतं.

फ्लोराइड सापडलंच तर पहिला पर्याय यंत्र नसावा. दुसरं पाणी मिळतं का, ते आधी पाहावं. बोअरच्या पाण्यात ३ मिलिग्रॅम आणि नदीवरच्या योजनेच्या पाण्यात ०.५ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल आणि दोन्ही टाकीत निम्मं-निम्मं मिसळलं तर १.७५ येतं, तेवढं पुरत नाही. बोअरचा एक भाग आणि नदीचे तीन भाग घेतले तर १.१ च्या आसपास येतं. गाळ नाही, टाकाऊ पाणी नाही, वीज फक्त पंपाची. अडचण उन्हाळ्यात येते. नदीचं पाणी कमी झालं की टाकी भरण्यासाठी बोअर जास्त चालवतात, प्रमाण उलटं होतं आणि तीन भाग बोअर, एक भाग नदी अशा पाण्यात फ्लोराइड २.४ च्या घरात पोचतं. तेही नेमकं त्या दिवसांत, जेव्हा शेतातली बाई सहा लिटर पाणी पीत असते. त्यामुळे टाकीच्या पाण्याचा एक नमुना मे महिन्यातही प्रयोगशाळेत जायला हवा.